एकतीस सीड्या आणि एक ढावलो

वर्षाच्या लग्नाला अकरा दिवस राहिले, तेव्हा घरात उघडकीला आलं की पोरीला रडता येत नाही.

रडणं म्हणजे साधं रडणं नव्हे. बंजाऱ्यांच्या तांड्यावरची नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून सुरात रडते, त्याला ढावलो म्हणतात. वर्षा यवतमाळला नर्सिंग शिकलेली. न दुखवता इंजेक्शन देण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण ढावलोच्या दोन ओळींपुढे तिची गाडी सरकत नव्हती. आणि नवरदेवाच्या आजीने साखरपुड्यातच विचारलं होतं, "पोरगी ढावलो म्हणते ना?" त्यावर वर्षाची आई सुखीबाई छातीठोकपणे म्हणाली होती, "मानीबाईची नात हाय ते! अख्खा म्हणते."

मानीबाई म्हणजे सुखीबाईची आई, तिची याडी. म्हातारपणी लेकीकडेच राहिली आणि तांड्यातल्या निम्म्या पोरींना तिनेच रडायला शिकवलं. ती जाऊन चार वर्षं झाली होती.

"त्यात काय घाबरायचं?" सुखीबाई म्हणाली. "आपल्या पुतणीच्या, बबिताच्या लग्नाची सीडी हाय ना! याडी तिच्या मांगं उभी राहून सारा ढावलो म्हणून राह्यली त्यात. अवो, कुठी ठेवली ते सीडी?"

तिच्या नवऱ्याने, धरमसिंगने, चहाची बशी खाली ठेवली. नाल्याकाठच्या वावरात, उन्हाळी ज्वारीवर, पोपटांना घाबरवायला त्याने एकतीस सीड्या दोऱ्याने टांगल्या होत्या. बबिताचं लग्न त्यांतच कुठेतरी दोन उन्हाळे लटकत होतं.

"हाय ना," तो म्हणाला. "जपून ठेवली. उंचावर."

तासाभरात तो वावरात होता. सीड्यांवरची नावं पावसाने केव्हाच धुऊन नेली होती, म्हणून सगळ्याच उतरवाव्या लागल्या. शेजारच्या धुऱ्यावरून गुलाबसिंगने हाक मारली, "काय धरमदादा, तोरण काहून उतरवून राह्यला? लगन मोडलं का?"

"पुसून पुन्हा टांगतो," धरमसिंग म्हणाला.

बाभळीवरचे पोपट हे सगळं पाहतच होते. शेवटची सीडी पोत्यात पडली आणि ज्वारीवर पंगत बसली.

उमरखेडला संजयचा फोटो स्टुडिओ होता. बबिताच्या लग्नाचं शूटिंग त्यानेच केलेलं, आणि सीडी खाणारा कॉम्प्युटरही साऱ्या बाजारात त्याच्याकडेच उरला होता. धरमसिंगने खताचं पोतं काउंटरवर रिकामं केलं.

"काका, हे काय, वानवळा आणला का?"

"बबिताचं लगन शोधून दे बाबू. सुखीला समजलं तर वर्षाच्या आधी माझी बिदाई होते."

पहिली सीडी लागली. लावणी. दुसरी, भजन. दोन उन्हाळे तळून निघालेल्या सीड्या खणखणीत वाजत होत्या. धरमसिंगचा चेहरा खुलला.

"खुश नका होऊ," संजय म्हणाला. "या कंपनीच्या छापील. याच्या प्लॅस्टिकमंदीच बारीक खड्डे असते. ऊन खड्डे बुजवत नाही. आता हे पाहा." त्याने एक सीडी ट्यूबलाइटपुढे धरली. मागचा हिरवट रंग उडून आरपार उजेड दिसत होता. "हे घरी लिहायची. यात रंगाचा थर असते. मशीन त्या रंगावर जाळून जाळून लिहिते. तुमच्या उन्हानं रंगच पिऊन टाकला."

"साराच?"

"चुळीपुरताबी नाही ठेवला."

अशा बावीस निघाल्या. बाविसांतून खरखर आणि धरमसिंगचे सुस्कारे, एवढंच बाहेर आलं. तळाशी एक काळपट करडी सीडी उरली. संजयने ती उलटसुलट पाहिली आणि खुर्चीतून उठलाच.

"काका! हेच बबिताचं लगन! त्या साली माझ्याजवळच्या साध्या सीड्या सरल्या होत्या, म्हणून हे महागाची दिली. पुसून पुन्हा लिहायची. यात रंग नाही, धातू. चांदी हाय, इंडियम हाय, अँटिमनी हाय, टेल्युरियम हाय. उन्हाच्या बापाचीबी भीती नाही याले."

"चांदी?" धरमसिंगने डोळे बारीक केले. "किती?"

"मुंगीच्या पैंजणाएवढीबी नाही. गुमान ऐका."

सीडी फिरली. धरमसिंगने हात जोडले. स्पीकरमधून मानीबाईच्या सुराऐवजी धाड् धाड् आवाज आला, भोंगा वाजला आणि कुणीतरी फुटक्या आवाजात ओरडलं, "डीजे लखन इन द मिक्स!"

लखन हा धरमसिंगचा मुलगा.

"पुसून पुन्हा लिहिली कोणीतरी," संजय हळूच म्हणाला. "हे सीडी ऊन पुसू शकत नाही. पोरं पुसते."

धरमसिंगला इतका आनंद झाला की त्याने संजयला भजी खाऊ घातली. गुन्हेगार आपण नव्हतो! बसमध्ये त्याने घरी करायच्या भाषणाची दोनदा उजळणीही केली.

भाषण पहिल्या वाक्यापर्यंत बरं चाललं: "वावरातून सीडी आणली, तर त्यातलं बबिताचं लगन या लखननं पुसलेलं!"

"मी तवा आठवीत होतो!" लखन ओरडला. "पण बा, सीडी वावरात कशी गेली?"

"उंचावर जपून ठेवली होती ना!" सुखीबाई म्हणाली. "एकानं माझी याडी पुसली, एकानं तिले पोपटापुढं टांगली!" तिने पोतं ओढून नेलं आणि पेटीत घालून कुलूप लावलं. "आता एकबी सीडी वावरात गेली तर पाहा. अजून कोणाकोणाची आई असंन त्यात."

वर्षा रडायला लागली.

"अवं, असं रडून काय फायदा?" सुखीबाई कळवळली. "सूर कुठी हाय त्यात?"

वर्षाने हुंदके देत त्याच दोन ओळी सुरू केल्या आणि नेहमीच्या जागी अडली. तेवढ्यात कोपऱ्यातून तिसरी ओळ आली. मग चौथी. धरमसिंग मान खाली घालून बुटातली माती झटकत होता आणि आपण गातो आहोत हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

"तुमाले येते?" सुखीबाईने विचारलं.

"तुझी याडी निंबाखाली पोरी घेऊन बसे. मी तिथंच खाटेवर पडून राहो."

"झोपून राहत होते ना तुमी?"

"डोये झोपत होते," धरमसिंग म्हणाला. "कानाले कुठी झाकण असते?"

पण बाप्याने ढावलो शिकवायचा म्हणजे तांडाभर हसू. शिवाय सीड्या पेटीत गेल्यामुळे पोपट हाकलायला धरमसिंगला दिवसभर मचाणावरच बसावं लागत होतं. म्हणून शाळा मचाणावर भरली. तो एक ओळ म्हणे, पोपटांचा थवा उतरे, तो गोफण भिरकावून "हाऽऽ हुर्रऽऽ!" करे आणि पुढची ओळ धरी. वर्षा डोळे मिटून पाठ करत होती. नवव्या दिवशी तिला अख्खा ढावलो आला.

लग्न झालं. जायच्या वेळी वर्षा बापाच्या गळ्यात पडली आणि असा सूर लावला की मांडवातले आचारीसुद्धा झारे टाकून बाहेर आले. नवरदेवाच्या आजीने पदर डोळ्यांना लावला. पहिली ओळ संपली. वर्षाने हुंदका दिला, श्वास घेतला आणि आर्त स्वरात, एक हात उंच उडवून म्हणाली, "हाऽऽ हुर्रऽऽ!"

साऱ्या मांडवाने माना उंचावल्या. धरमसिंगने डोळे मिटून घेतले. वर्षा मात्र खरंच रडत होती, त्यामुळे तिच्या काहीच ध्यानात आलं नाही. दुसरी ओळ झाली, पुन्हा हुर्र. तिसरी झाली, पुन्हा. सुखीबाई नवऱ्याकडे बघत होती आणि तिची नजर उन्हाळी उन्हापेक्षा कडक होती.

ढावलो संपला. नवरदेवाची आजी काठी टेकत पुढे आली. तिने वर्षाच्या चेहऱ्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि आपल्या माणसांकडे वळली.

"ऐकला का? याले म्हणते असली जुना ढावलो. मी लहानपणी ऐकला होता. मधातली हुर्र आता कोणाले येत नाही."

त्यानंतर पंधरा दिवसांत तीन तांड्यांवरून तीन आया आपापल्या पोरी घेऊन सुखीबाईकडे आल्या. तिघींनाही हुर्रवालाच ढावलो पाहिजे होता. ज्वारी कापून घरी आली, पोपट दुसरीकडे गेले, पण नाल्याकाठचं मचाण धरमसिंगने अजून मोडलेलं नाही. कारण सुखीबाई म्हणते की अंगणात बसून शिकवलं तर हुर्रमध्ये तो दर्द येत नाही.