विहित फॉन्टमधला अर्ज

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी अर्ज विहित फॉन्टमध्येच करावा, असे परिपत्रक निघाले, तेव्हा त्यात कुणालाच काही वावगे वाटले नाही. वाटले ते एका निवृत्त जुळाऱ्याला. चाळीस वर्षे छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून त्याची बोटे कायमची काळी पडली होती. डोळा बायकोचा होता.

त्याचा वळणदार हस्ताक्षरातला अर्ज सरकारी रुग्णालयाच्या खिडकीतून परत आला.

"फॉन्टमध्ये आणा," कारकून म्हणाला.

"अहो, फॉन्ट म्हणजे एका मापाच्या खिळ्यांचा अख्खा संच. तुम्ही म्हणताय ते अक्षराचं वळण."

"नियमात फॉन्ट लिहिलंय, काका. फॉन्टच लागेल."

जुळारी सरळमार्गी माणूस. छापखाना मोडीत निघाला तेव्हा वाचवलेली खिळ्यांची पेटी त्याने दुसऱ्या दिवशी हातगाडीवरून आणून टेबलावर ठेवली. टेबल कुरकुरले.

कारकून अर्धा दिवस नियम चाळत बसला. अर्जासोबत आलेली वस्तू नाकारण्याची तरतूद नव्हती. प्रत्येक जोडपत्रावर आवक क्रमांक घालण्याची मात्र होती. तीन माणसे खिळ्यांवर क्रमांक घालू लागली. 'ख'पाशी शाई संपली. अकराव्या दिवशी साहेबांनी फॉन्ट या शब्दाचा अर्थ ठरवायला समिती नेमली. फॉन्ट म्हणजे जो विहित केला आहे तो, असा एकमताने निर्णय झाला. काय विहित केले आहे, हे समितीच्या कक्षेबाहेर होते.

इकडे बायको चहा कपाच्या शेजारी ओतू लागली.

"मी तोंड आवरलं असतं तर एव्हाना तुझा डोळा झाला असता," जुळारी म्हणाला.

"बरोबरच तर बोललात. आता मला तिथं घेऊन चला."

ती निवृत्त शिक्षिका. कारकुनाला बाराखडी तिनेच शिकवली होती.

"लिहिता-वाचता न येणाऱ्यानं काय करायचं रे?" तिने खिडकीशी विचारले.

"त्यांचा छापील अर्ज आम्हीच भरतो, बाई. फॉन्टची अट नाही. फक्त अंगठा."

"मग मला निरक्षर लिही."

कारकुनाने मान खाली घालून लिहिले. तिने अंगठा उठवला. आठवड्याभरात शस्त्रक्रिया झाली.

पट्टी निघाल्यावर तिने अर्जाची प्रत पहिल्यांदाच वाचली. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापले होते : 'वरील सर्व अटी मी स्वतः वाचल्या असून त्या मला मान्य आहेत.'

"म्हणजे न वाचताच अंगठा दिलास?" जुळाऱ्याने विचारले.

"तुम्ही सगळे मोबाईलवर रोज देता, तसाच."