हातमोज्यांचे तोरण

एका जंगलात, बाळांनो, ताप आला. साधासुधा नव्हे. आधी अंग भाजायचे, मग नाकातोंडातून रक्त यायचे. त्या रक्ताला ज्याचा उघडा हात लागेल, त्यालाही तोच ताप धरायचा.

जंगलात एक दवाखाना होता. त्याचा प्रमुख होता गवा. त्याची कातडी फार जाड होती, म्हणूनच त्याची नेमणूक झाली होती. आणि सिस्टर होती एक शेकरू. तिच्या घरट्यात दोन पिल्ले होती, त्यामुळे या तापाची तिला सगळ्यांत जास्त धास्ती.

राजधानीतून हुकूम आला, जागरूकता सप्ताह साजरा करा. हुकमामागोमाग हातमोज्यांची पेटी आली. शेकरूच्या जिवात जीव आला.

संध्याकाळी कामावर येऊन पाहते तो काय! गव्याने शिपाई माकडांना कामाला लावून सगळे हातमोजे फुगवले होते, घट्ट गाठी मारल्या होत्या आणि दवाखान्याच्या दाराला त्यांचे तोरण बांधले होते.

“साहेब, हे घालायचे असतात,” शेकरू म्हणाली.

“घातले तर कोणाला दिसणार, सिस्टर? टांगले की अख्ख्या जंगलाला दिसतात. जागरूकता दिसली पाहिजे.”

“पण मध्येच पेशंट आला तर?”

“सप्ताहात कसा येईल? सगळे जागरूक झालेत ना?”

साहेबांचे शहाणपण आणि घाटातला धोंडा, कोणी हलवायला जाऊ नये.

दुसऱ्या दिवशी आरोग्यमंत्री बिबट्या आला. हातमोजा हेच आपले खरे कवच, असे तो तोरणाखाली उभा राहून सांगू लागला. टाळ्या पडल्या. शेकरूनेही वाजवल्या, नोकरी होती.

तेवढ्यात एका भेकराला झोळीत घालून आणले. त्याच्या तोंडातून रक्त येत होते आणि श्वास अडकत होता.

शेकरू सरसर दारावर चढली. तिने तोरणातला एक हातमोजा दातांनी ओढला. तो फट्ट करून फुटला. बिबट्याला वाटले, शिकारी आले. तो जो पळत सुटला तो राजधानीत जाऊनच थांबला.

“भर कार्यक्रमात हा तमाशा?” गवा डाफरला. “आता तोरणाला हात लावाल तर याद राखा. फोटो व्हायचेत अजून.”

शेकरूने गाठींकडे पाहिले. मग भेकराकडे पाहिले. त्याने डोळे फिरवले होते. ती खाली उतरली, त्याला कुशीवर वळवले आणि उघड्या हातांनी त्याचे तोंड मोकळे केले.

भेकर वाचले. शेकरू वाचली नाही. हे सांगताना मला अजून राग येतो, बाळांनो, पण गोष्ट अर्धी सांगू नये.

पुढे चौकशी झाली. ती गव्यानेच केली. सिस्टरने हातमोजे घातले नव्हते, असे तीत निष्पन्न झाले.

“एवढा सप्ताह साजरा केला, तरी बाई जागरूक झाल्या नाहीत,” गवा हळहळला. “आम्ही तरी काय करणार?”

पिल्लांचे सांत्वन करायला तो जातीने गेला. जाताना तोरणातले दोन फुगे खेळायला घेऊन गेला.

तात्पर्य : ज्याला वेळेवर हात झटकता येतात, त्याला हातमोजे लागत नाहीत.