आत्या बसली की गार

गाडी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं एसी नव्या जावयासारखा गोड वागायचा. नाक्यावरचा सिग्नल ओलांडला की त्याचं खरं रूप दिसायचं. समोरच्या जाळीतून असा वारा यायचा, की जणू कुणीतरी भरपेट जेवून तोंडासमोर सुस्कारे टाकतंय. गाडी दोघा भावांतल्या थोरल्याची, आणि तो पडद्यांच्या कापडाचा विक्रेता होता. हॉटेलात नमुने दाखवायला तो पोचायचा, तेव्हा मॅनेजर आधी त्याला पंख्याखाली वाळवायचे आणि मग भाव विचारायचे.

गाडी हायब्रिड होती, म्हणजे पेट्रोलवर चालायची आणि पोटातल्या मोठ्या बॅटरीवरही. आता ती म्हातारी झाली होती, पण सिग्नलला तिचं इंजिन आपोआप गप्प झालं की थोरला अजूनही शेजारच्या गाडीवाल्याकडे बघून घ्यायचा.

गॅरेजवाल्याला सगळे सर्जन म्हणत, कारण त्याने उघडलेली गाडी पुन्हा जुळवली की एखादा अवयव हमखास उरायचा. त्याने बॉनेट उघडलं आणि एसी फिरवणारा पट्टा शोधला. वरून शोधला, मग खाली झोपून शोधला. शेवटी उठून गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "साहेब, तुमचा पट्टा चोरीला गेलाय."

ह्या जातीच्या गाडीत एसी थेट बॅटरीवर चालतो, त्याला पट्टा नसतोच, हे दोघांना मोबाइलवरच्या एका व्हिडिओने शिकवलं. पट्ट्याशिवाय फिरतो म्हटल्यावर सर्जनच्या नजरेत जी भक्ती उतरली, ती शेवटपर्यंत गेली नाही. मग त्याने गॅस भरला, फिल्टर बदलला, एक पंखा बदलला आणि जुनाच बरा होता म्हणून परत बसवला. एसी आपल्या मतावर ठाम राहिला.

घरात त्याच वेळी दुसरं दुखणं चालू होतं, ते म्हणजे आत्या. थोरल्याच्या वडिलांची बहीण, लग्न न केलेली, सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. निवृत्त झाल्यापासून ती दोन भाच्यांकडे आलटून पालटून राहायची. सध्या थोरल्याच्या हॉलमधला सोफा तिचा होता. एक तारखेला धाकट्याकडे जायचं ठरलं होतं, पण धाकट्याने तिच्या खोलीत व्यायामाची सायकल आणून ठेवली होती आणि जागेच्या अडचणीबद्दल तो फार हळहळत होता. थोरल्याच्या बायकोने स्वयंपाकघरात हळूच वृद्धाश्रमाचा विषय काढला होता. आत्याने तो हॉलमध्ये बसून पूर्ण ऐकला. लोकांची बोलणी कानावर घेऊन गप्प बसण्याचाच तर तिने जन्मभर पगार घेतला होता.

अशात आत्याची दाढ दुखायला लागली. तिचा गुडघा पुढच्या सीटवर मावत नसे, म्हणून थोरल्याने मागच्या सीटवरचे नमुन्यांचे गठ्ठे डिकीत कोंबले आणि तिला मागे बसवलं. सिग्नल गेला. नाका गेला. दवाखाना आला. एसी गारच.

"जरा कमी कर रे," आत्या म्हणाली. "दाढेत कळ जाते."

दुसऱ्या दिवशी गठ्ठे परत मागच्या सीटवर टाकून थोरला एकटा निघाला आणि नाक्यावर घामाने भिजला. तिसऱ्या दिवशी आत्याला परत दवाखान्यात न्यायचं होतं, तर गाडीत थंडी वाजली. चौथ्या दिवशी दाढ बरी झाली होती, तरी त्याने तिला उगाच एक चक्कर मारून आणली. गार. घरी येऊन त्याने बायकोला हे सांगितलं, ते दार लावून सांगितलं.

सर्जनने मात्र धीर सोडला नाही. त्याचं म्हणणं पडलं, की मागच्या सीटवर वजन आलं की आतली एखादी वायर दाबली जात असेल आणि टेकत असेल. म्हणून आत्याला गॅरेजच्या काट्यावर उभं केलं, आणि किलोला किलो जुळवून पडद्यांचे गठ्ठे तिच्या जागी रचले, अगदी खिडकीच्या काचेपर्यंत. गाडी चौकापर्यंतही पोचली नाही, त्याआधीच एसीने प्राण सोडला. इतक्या लवकर तो कधीच गेला नव्हता.

सर्जनने डोक्यावरची टोपी काढली. "साहेब, वजन तेवढंच आहे," तो हलक्या आवाजात म्हणाला. "म्हणजे ही गोष्ट वजनाची नाही. माणसाची आहे."

त्या दिवसापासून आत्याचा भाव वधारला. थोरला तिला गिऱ्हाइकांकडे न्यायला लागला. ती मागे बसायची, गठ्ठे डिकीत जायचे आणि मॅनेजरांना पहिल्यांदाच त्याच्या शर्टाचा खरा रंग कळला. पुढे बायकोनेही तिला सकाळच्या ऑफिसच्या फेरीत घेतलं, केवळ गारव्यासाठी. आत्या एक्स्चेंजमधले किस्से सांगायची, कोण कुणाला रोज फोन करून नुसताच श्वास घ्यायचा वगैरे, आणि बायको ऑफिसच्या दारातही उतरायचं नाव घेत नसे.

बातमी धाकट्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. त्याची गाडी तर थोरल्याच्या गाडीहून जुनी.

"दादा, एक तारखेपासून पाळी माझी आहे," तो फोनवर म्हणाला. "सायकल मी गच्चीत टाकलीये. उगाच आत्याला अडवून धरू नकोस."

"तुला जागेची अडचण होती ना?"

"माणूस महत्त्वाचं की जागा?" धाकट्याने विचारलं, आणि थोरल्याला स्वतःच्या भावाची भीती वाटली.

इकडे सर्जन आत्याला उसनी न्यायला लागला. कुणाची गाडी दुरुस्त होईना, की आत्याला मागच्या सीटवर अर्धा तास बसवायचं. एका वकिलाची गाडी बरी झाली. एका शिक्षिकेची झाली. एका ठेकेदाराची नाही झाली, पण त्याचं वागणंच तसं होतं असं सगळ्यांचं मत पडलं. गॅरेजमध्ये तिच्यासाठी हातांची खुर्ची आली, आणि तिच्या आसपास कुणी हातोडी जोरात मारेना.

मग एका दुपारी थोरल्याचे सगळे गठ्ठे एका नव्या हॉटेलाने ठेवून घेतले आणि तो रिकाम्या गाडीने निघाला. सिग्नल गेला, नाका गेला, पूल गेला. एसी गार. त्याच्या अंगावर काटा आला. त्याने हळूच मान वळवून मागे बघितलं. आत्या नव्हती.

गाडी कडेला घेऊन तो मागे जाऊन बसला. सीटच्या कोपऱ्यात, जिथे इतकी वर्षं गठ्ठे असायचे, तिथे हाताएवढी काळी जाळी होती. त्याने रुमाल जवळ नेला, तर जाळीने तो ओढून घेतला. सीटखालची बॅटरी तिथून गाडीतली गार हवा पिऊन स्वतःला थंड ठेवत होती. वाट बंद झाली की ती तापायची, आणि गाडी आपला जीव वाचवायला आधी एसी बंद करायची. थोरला बराच वेळ रुमाल लावत आणि काढत बसला.

तो तडक गॅरेजमध्ये गेला आणि सगळं सर्जनला दाखवलं. सर्जननेही रुमाल लावून बघितला. मग म्हणाला, "तेच तर म्हणतोय मी, साहेब."

"काय तेच? आत्याचा काही संबंध नाही. गठ्ठे हलले म्हणून एसी चालला."

"ते गठ्ठे इतक्या वर्षांत कुणाच्यानं हलले होते का? तुमच्या? माझ्या?" सर्जनने खुर्चीकडे बघत आवाज खाली आणला. "ह्यांनी हलवले. हात न लावता. त्या वकिलाला मी वर्षभर सांगतोय, गाडीतला पसारा काढा. माझ्याशी भांडायचा. आत्या बसणार म्हटल्यावर धुऊन घेऊन आला."

थोरल्याने तिकडे बघितलं. आत्या खुर्चीत बसून एका गिऱ्हाइकाचं गाऱ्हाणं ऐकत होती आणि गिऱ्हाईक आपण होऊन गाडीतल्या रिकाम्या बाटल्या गोळा करत होतं.

संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं. जाळी, बॅटरी, रुमाल, सगळं. उद्या एक तारीख होती. धाकट्याचे दोन फोन येऊन गेले होते.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे आत्या नसल्या तरी एसी चालेल?"

"चालेल."

"हे धाकट्या भावजींना सांगितलंत?"

"अजून नाही."

"त्यांना आत्ता सांगा. अगदी नीट समजावून सांगा, म्हणजे सायकल परत आत नेतील." ती उठली. "आणि सर्जनला पटलं का तुमचं?"

"नाही पटलं."

"मग मलाही नाही पटलं," ती म्हणाली, आणि आत्याला सोफा पुरत नाही म्हणून तिच्या पलंगासाठी आतल्या खोलीतलं कपाट सरकवायला लागली. "बघत काय बसलात? दुसरी बाजू धरा."