भुजंगराव अस्वलाची दगडासारखी बॅग

एका जंगलात एक अस्वल राहत असे. त्याचं नाव भुजंगराव. अस्वलाचं नाव भुजंग कसं, असं विचारू नका. ज्या आत्याने ते ठेवलं तिला सगळे घाबरत, म्हणून तेव्हाही कुणी विचारलं नाही.

तर भुजंगराव फोटो काढत. जंगलात वीज कुठून आली, हेही विचारू नका. ज्यांना फारच शंका असतील त्यांनी बाहेर जाऊन मोबाईल बघावा. तसाही तो तुमच्या मांडीखाली चालूच आहे, मला दिसतोय.

भुजंगरावांचा कॅमेरा साधा होता. पण हात बसला होता. रानडुकराच्या बारशाला डझनभर पिल्लं एका फोटोत बसवायची आणि एकाचेही डोळे मिटलेले येऊ द्यायचे नाहीत, हे काम सोपं नाही. भुजंगराव ते करत. मोबदला म्हणून मधाचं पोळं घेत आणि झोपी जात. जंगलात सगळ्यांचं बरं चाललं होतं.

त्याच जंगलात चंद्रामावशी नावाची हत्तीण होती. भुजंगराव लहानपणी पोरके झाले तेव्हा तिने त्यांना आपल्या चार पायांमध्ये ठेवून वाढवलं होतं. पावसात तिचं पोट हेच त्यांचं छप्पर. मोठेपणी ते सगळ्यांचे भुजंगराव झाले, पण तिच्यासाठी भुज्याच राहिले.

आता मुलांनो, हत्तींची एक रीत ऐका. म्हातारपणी हत्तीच्या दाढा झिजतात. मग बांबू चावत नाही. असा हत्ती डोंगरापलीकडच्या दलदलीत जातो, कारण तिथलं गवत मऊ असतं. तिथून परत कुणी येत नाही. हत्ती याला मरण म्हणत नाहीत. ‘मऊ गवत’ म्हणतात.

एके दिवशी चंद्रामावशी भुजंगरावांकडे आली.

“भुज्या, माझ्या दाढा गेल्या. मोहाची फुलं संपली की मी निघणार.”

भुजंगरावांच्या तोंडातला मध तोंडातच राहिला.

“रडू नकोस. त्याआधी माझा एक फोटो काढ.”

“एकच?”

“एकच. पण चांगला काढ हो.”

एवढं बोलून मावशी गेली. आणि भुजंगरावांच्या डोक्यात तो ‘चांगला’ घुसला. साध्या कॅमेऱ्यावर चांगला फोटो येईल का? आजवर त्यांना हा प्रश्न पडला नव्हता. आजवर त्यांचे फोटो चांगलेच येत होते, त्यामुळे विचार करायला सवड झाली नव्हती.

ते सल्ला घ्यायला टिटवीकडे गेले.

टिटवी नदीकाठच्या वाळूत उभी राहून रोज कॅमेऱ्यांवर बोलत असे. अख्खं जंगल ऐकत असे. तिने स्वतः आयुष्यात एकही फोटो काढला नव्हता. बोलण्यातून वेळच मिळत नसे. रात्री आभाळ पडू नये म्हणून ती पाय वर करून झोपते हे तुम्हाला ठाऊक असेलच. म्हणजे जबाबदार पक्षी.

“कोणता कॅमेरा आहे तुमच्याकडे?” टिटवीने विचारलं.

भुजंगरावांनी दाखवला. टिटवीने एक डोळा मिटला.

“याचा सेन्सर केवढासा! यात हत्तीण मावणार कशी?”

“आजवर रानडुकराची डझनभर पिल्लं मावली,” भुजंगराव म्हणाले.

“मावली असतील. पण त्यांना मोकळं वाटलं असेल का?”

भुजंगराव तडक तरसाच्या दुकानात गेले. तरस सदा हसतमुख. कुणी काही घेवो न घेवो, तो हसतोच. भुजंगरावांनी वर्षाचा मध आणि जुना कॅमेरा देऊन मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घेतला.

“साहेब, या कॅमेऱ्याला तुमची जुनी लेन्स शोभत नाही,” तरस हसत म्हणाला.

म्हणून लेन्स घेतली. लेन्स जड, म्हणून तिपाई घेतली. कॅमेऱ्यातले फोटो एवढे मोठे निघाले की जुन्या कॉम्प्युटरला ते उघडेनात. म्हणून कॉम्प्युटर घेतला. कॉम्प्युटर चांगला म्हटल्यावर त्याला रंग खरे दाखवणारा पडदा नको? तोही घेतला. पडदा खरे रंग दाखवतो की नाही हे तपासणारं एक यंत्र असतं, तेही घेतलं. ते यंत्र खरं बोलतं की नाही हे तपासणारं यंत्र तरसाकडे नव्हतं, नाहीतर तेही घेतलं असतं. नालेसाठी घोडा घेणारे पुष्कळ पाहिले. भुजंगरावांनी नालेसाठी पागा उभी केली.

चंद्रामावशी मात्र रोज सकाळी न चुकता डोहाकाठी येई. सोंडेने अंगावर बारीक माती उडवून घेई. हत्तिणींची तीच पावडर. मग मोहाच्या झाडाखाली ताठ उभी राही.

“काढतोस ना रे?”

“आज नुसती चाचणी आहे मावशी. हलू नकोस. हा पत्रा सोंडेत धर.”

पत्रा करड्या रंगाचा होता. रंगांचा तोल बघायला फोटोवाले तो समोर धरतात. करड्या हत्तिणीने करडा पत्रा धरला. भुजंगरावांनी पत्र्याचे चाळीसेक फोटो काढले. पत्रा फार सुरेख आला.

नव्या लेन्सचा पहिला फोटो मावशीने पाहिला आणि विचारलं, “ही कोण रे म्हातारी?”

“तूच की.”

“मी? मग माझ्या तोंडावर हा दुष्काळ कुणी पाडला?”

लेन्स इतकी तीक्ष्ण होती की मावशीच्या कातडीतली एकेक भेग मोजावी. भुजंगरावांनी तो फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि सुरकुत्या पुसायला बसले. एक पुसली, दुसरी पुसली, पुसतच गेले. शेवटी पडद्यावर जे उरलं ते पाहून शेजारचं शेकरू म्हणालं, “वा, काय देखणा माठ आहे!”

भुजंगराव पुन्हा टिटवीकडे धावले.

“फोटो?” टिटवी म्हणाली. “नुसता फोटो आता कोण बघतं? व्हिडिओ करा. तोही संथ गतीचा. लोक रडतात बघून.”

भुजंगरावांनी व्हिडिओ केला. मावशी चालत आली, थांबली, कान हलवला. मग त्यांनी तो संथ केला. हत्तीण मुळातच सावकाश. आणखी सावकाश केल्यावर ती जागची हलेचना. खूप वेळ बघितल्यावर भुजंगरावांच्या लक्षात आलं की हा फोटोच दिसतोय. एवढं करायला कॉम्प्युटर मात्र असा तापला की रानकोंबडीने त्याच्या पाठीशी अंडी आणून ठेवली.

इकडे मोहाची फुलं रोज थोडी कमी पडत होती. मावशी झाडाखालची फुलं चघळायची आणि वर बघायची. काही बोलायची नाही. मला या मावशीचा कधीकधी राग येतो. एक सोंड ठेवून द्यायची होती अस्वलाच्या कानाखाली. पण वाढवलेल्या पोरावर सोंड उगारवत नाही, त्याला कोण काय करणार!

आणि मग एका सकाळी तो फोटो आला.

भुजंगराव त्या दिवशी फोटो काढतच नव्हते. बटण घट्ट झालंय का, एवढंच बघत होते. डोहावर धुकं होतं. एक मोहाचं फूल टपकन मावशीच्या कपाळावर पडलं, घरंगळलं आणि सोंडेच्या टोकाशी येऊन थांबलं. मावशी ते बघायला गेली आणि तिचे डोळे तिरळे झाले. मग ती स्वतःवरच हसली. तेवढ्यात बटण दाबलं गेलं.

भुजंगरावांनी पडद्यावर पाहिलं आणि त्यांच्या अंगावरचा केस न केस उभा राहिला. अस्वलाच्या बाबतीत हा मोठाच मामला असतो. ती त्यांची मावशी होती. धुक्यात पोराला बघून हसणारी.

“बघू,” मावशी म्हणाली.

“थांब! आधी सुरक्षित करतो.”

कारण टिटवीने बजावलं होतं, “फोटोच्या तीन प्रती ठेवा. तीन ठिकाणी ठेवा. डिस्क कधी बसेल सांगता येत नाही.” हा सल्ला अगदी योग्य होता, बरं का मुलांनो. टिटवी कधीकधी बरोबरही बोलते. तिथेच फसायला होतं.

भुजंगरावांनी तीन डिस्क घेतल्या. तिन्हींवर फोटो उतरवला. मग त्या तीन ठिकाणी ठेवल्या: एक बॅगेच्या पुढच्या कप्प्यात, एक मधल्या कप्प्यात, एक मागच्या कप्प्यात.

बॅग एकच होती. पण काय बॅग होती! पाणी आत जात नव्हतं, धूळ आत जात नव्हती. वरून मऊ गादी. आणि रंग असा की रानात ठेवली तर हुबेहूब दगड वाटावी, चोराला दिसूच नये. तरसाने ती देताना दोनदा हसून घेतलं होतं.

तीन प्रती झाल्या म्हटल्यावर भुजंगरावांनी कॅमेऱ्यातलं कार्ड पुसून कोरं केलं. कॉम्प्युटरवर जागा कमी पडत होती, म्हणून तिथला हा फोटो आणि आधीचे सगळे फोटो, व्हिडिओही काढून टाकले. शिस्त म्हणजे शिस्त. मग कॅमेऱ्याने विचारलं, “नवीन सुधारणा आली आहे. करू का?” भुजंगराव म्हणाले, कर. कॅमेऱ्यावर एक पट्टी सरकू लागली. खाली लिहिलं होतं: कृपया बंद करू नये.

“आता तरी दाखव,” मावशी म्हणाली. “मला डोंगरापर्यंत पोचवायला कळप थांबलाय. झाडावर आज फूल नाही.”

“बस ना मावशी, दोन मिनिटं. पडद्याचे रंग थोडे नीट करतो, मग डिस्क लावून मोठा दाखवतो.”

मावशीचे गुडघे दुखत होते. तिने इकडेतिकडे पाहिलं. जवळच एक बरासा दगड होता, मऊ दिसत होता. मावशी त्यावर टेकली.

कर्रर्र.

भुजंगराव हळूच वळले. मावशी हळूच उठली. बॅगेच्या आत पाणी गेलं नव्हतं, धूळ गेली नव्हती. तिन्ही कप्पे मात्र एकमेकांत गेले होते.

भुजंगराव लहान पिल्लासारखे भोकाड पसरून रडले.

“मावशी, तुझा फोटो गेला गं! आता तू तिकडे काय घेऊन जाशील?”

मावशीने सोंड त्यांच्या डोक्यावर ठेवली.

“वेड्या, मला कशाला हवा फोटो? आम्ही हत्ती. आम्ही काही विसरत नाही. तू माझ्या पोटाखाली पहिल्या पावसाला कसा कुडकुडत होतास, तेही मला लख्ख दिसतं. विसरायची खोड तुला. मध कुठे ठेवलास ते तुला संध्याकाळी आठवत नाही. तो फोटो तुझ्यासाठी होता.”

पलीकडून कळपाने हाक दिली.

“जाऊ दे. फोटो नाही तर नाही,” मावशी म्हणाली. “आता मला नीट बघून घे. डोळे भरून बघ.”

ती त्यांच्यासमोर उभी राहिली. पाठीमागून ऊन येत होतं. भुजंगराव तिच्याकडे बघू लागले. खरंच बघू लागले. आणि तेवढ्यात त्यांच्या मनात आलं, ती पट्टी आता भरतच आली असेल. भरली तर हा फोटो मिळेल. असलं ऊन पुन्हा येणार नाही.

त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून कॅमेऱ्याकडे पाहिलं. पट्टी थोडीच उरली होती. मग ते पट्टीकडेच बघत राहिले. “सरक,” ते पुटपुटले, “सरक ना गं बाई.”

पट्टी भरली. कॅमेरा सुरू झाला. भुजंगरावांनी तो झटकन डोळ्याला लावला.

समोर बांबूचं बेट होतं. दोन बांबू अजून हलत होते. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं असं म्हणतात, पण भुजंगरावांच्या वाट्याला तेही राहिलं नाही.

पुढे पावसाळ्यात एकदा शेकरू भुजंगरावांच्या गुहेच्या तोंडाशी येऊन बसलं. त्याला चंद्रामावशीची आठवण येत होती.

“भुजंगराव, तुम्ही तिला रोज समोरून बघत होता. कशी हो होती ती?”

भुजंगरावांनी तोंड उघडलं.

“करडी,” ते म्हणाले.

“आणि?”

“आणि... प्रकाश डावीकडून होता. लेन्स सगळी उघडी होती.” मग त्यांनी दोन्ही पंजे तोंडावर घेतले. “डोळे कसे होते रे तिचे, शेकरू? तू वर झाडावर होतास. तू पाहिले असशील. सांग ना.”

शेकरूने सांगितलं. जेवढं आठवत होतं तेवढं सांगितलं. अस्वल ऐकत राहिलं.

तात्पर्य: मुलांनो, फोटोच्या तीन प्रती ठेवाव्यात हे खरं, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे बॅग चांगली घ्यावी. हत्तीण बसली तरी दबणार नाही अशी बॅग नुकतीच निघाली आहे. तरसाकडे मिळते. भुजंगराव स्वतः ती वापरतात, आणि आता त्यांच्या फोटोसाठी थांबून तिच्यावर टेकणारं कुणी उरलेलं नसल्यामुळे ती आजवर एकदाही दबलेली नाही.