भोये सरांची शिल्लक दरी

भोये सर दरीच्या टोकापर्यंत कधी जात नाहीत. टोक समोर असतं, शेवटचं वळण हाकेच्या अंतरावर असतं, खालून येणारा वारा तोंडाला लागत असतो, आणि हा माणूस टोपी काढून घाम पुसतो आणि म्हणतो, “पुरे. उरलेलं शिल्लक.” मग पाठ फिरवून परत चालायला लागतो.

मी मूळचा साताऱ्याकडचा. आमच्याकडे गडावर निघालं की वरच्या बुरुजाला हात लावल्याशिवाय कोणी डबा उघडत नाही. मोखाड्याला शाळेत विज्ञान शिकवायला आलो आणि पहिल्याच रविवारी हौसेनं सरांच्या मागे सूर्यमाळच्या बाजूला गेलो. सकाळभर उन्हात भाजून निघालो आणि कड्याच्या अलीकडूनच परत फिरलो.

“सर, पुढं काय आहे?” मी विचारलं.

“मला काय माहीत? मी कुठं गेलोय?”

हा माणूस भूगोल शिकवतो! मला हसावं की रडावं कळेना.

बरं, बाकी कशातही अर्धवटपणा नाही. ताटात शीत राहू देत नाहीत. पेपर तपासायला घेतले की गठ्ठा संपवूनच उठतात. वर्गात नदी डोंगरातून निघाली की घंटा व्हायच्या आत तिला समुद्राला मिळवूनच सोडतात. रविवारची दरी तेवढी अर्धी.

पावसाळ्यात आमच्याकडच्या धबधब्यांखाली नाचायला गाड्या भरभरून लोक येतात. सरांचं फिरणं ती मंडळी गेल्यावर सुरू होतं. होळीच्या सुमाराला डोंगरावरचं गवत जळून गेलेलं असतं, सागाला पान नसतं आणि ओढे आटून खालचा काळा कातळ उघडा पडतो. पाण्यानं कोरलेल्या अरुंद घळी, दोन्ही बाजूंना सरळ उभे कडे, तळाला रांजणासारखे कोरडे खळगे. एखाद्या वाळवंटात आल्यासारखं वाटतं. सर या घळीतून चालतात. “नदी घरात नसताना तिचं घर बघून घ्यायचं,” असं त्यांचं म्हणणं.

आणि त्यांच्यासोबत सुमनताई, म्हणजे त्यांची बायको. ताई नाशिकला सरकारी दवाखान्यात नर्स. सर तिला ‘सिस्टर’ म्हणतात आणि ती सरांना ‘गुरुजी’.

पाड्यावरच्या लोकांना सुरुवातीला या जोडीचं काही कळेना. इथं माणूस डोंगरात जातो तो लाकडाला, पाण्याला, नाहीतर चुकलेल्या गुराच्या मागं. काही न आणता परत येण्यासाठी कोण जातं? एका आजीनं सरळच विचारलं, “काय हुडकतास सर? बकरी हारवली का?” सर नाही म्हणाले, तेव्हा तिला ते जास्तच संशयास्पद वाटलं. मग कोणीतरी आवई उठवली की सर धरणाची जागा बघतायत. पुढच्या रविवारी अर्धा पाडा वाटेवर उभा. आमची जमीन जाणार का, झाडं जाणार का, नुसता गलका. सर समजावून थकले. शेवटी ताईनं एका दगडावर फडकं पसरलं, नागलीच्या भाकऱ्या आणि खुरासणीची चटणी काढली आणि सरांना खेकसून म्हणाली, “गुरुजी, आधी खाऊन घ्या, मग भांडा.” त्याबरोबर सगळे हसले आणि पांगले. बायकोचा ओरडा खाणारा माणूस धरणवाला नसतो, असं त्यांनी ठरवलं असावं.

ताईसुद्धा सरांच्या या ‘शिल्लक’ प्रकारावर वैतागायची. एकदा मी बरोबर असताना तिनं माझ्याजवळ गाऱ्हाणं मांडलं. “लग्न झाल्यापासून या माणसानं मला एक दरी पुरी दाखवलेली नाही. आलं वळण की फिरले मागं. दुसरी असती तर ढकलून दिलं असतं.”

“पुढच्या रविवारी,” सर पुढून ओरडले.

“ऐकलंत? सगळं पुढच्या रविवारी!”

मग चालता चालता तिचा आवाज उतरला. “पण खरं सांगू? सोमवारी पहाटेच्या एसटीत बसते ना, तेव्हा उतरून परत यावंसं वाटतं. मग डोक्यात येतं, त्या वळणाच्या पुढं काय असेल? नाशिक येईपर्यंत तेच चालतं. दवाखान्यात शिरताना रडू येत नाही मग.”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या दोघांचा सगळा संसारच रविवारचा. याला इकडून सुटता येईना, तिला इकडं बदली मिळेना. रविवार हातात राहावा म्हणून ताई दिवाळीच्या, गणपतीच्या ड्युट्या इतरांसाठी करायची आणि बदल्यात त्यांचे रविवार मागून घ्यायची. तिनं परत यावं, आणि येण्यासाठी काहीतरी राहिलेलं असावं, एवढीच सरांची खटपट होती. मला माझ्या बुरुजांचं जरा हसूच आलं.

मग ताईला बढती मिळाली. आधी तिनं ती टाळली होती, पण निवृत्ती जवळ आली, पेन्शनचा विचार आला, आणि ती मराठवाड्यात गेली. तिथून मोखाडा म्हणजे रात्रभराचा प्रवास आणि वर गाड्या बदलणं. आठवड्याचं महिन्यावर गेलं, महिन्याचं सणावर. दिवाळीत येते म्हणाली होती, वॉर्डात माणसं कमी म्हणून राहिली. आता मे महिन्यात येते म्हणाली आहे.

सर रविवारी एकटेच जात राहिले. पोशेऱ्याच्या पलीकडं एक घळ आहे, मागच्या खेपेला दोघांनी शिल्लक टाकलेली. तिथल्या शेवटच्या वळणाच्या अलीकडं एका दगडावर बसायचे आणि परत यायचे. एवढे बडबडे सर, पण सोमवारी शाळेत आले की फळ्याकडं तोंड करून उगाच उभे राहायचे. बघवत नसे.

परवाच्या शनिवारी मला म्हणाले, “उद्या चला. तुमच्याकडं एक काम आहे.”

गेलो. वाटेत पाडा लागला. निम्म्या घरांच्या दारांना काटेरी फांद्या लावून ठेवलेल्या, माणसं वीटभट्टीवर गेलेली. तीच आजी दारात बसली होती.

“बाय नाय आली?”

“नाय.”

“कुठं गेली?”

पोटासाठी गाव सोडलेल्यांबद्दल इथले लोक म्हणतात तसंच सर म्हणाले, “जगाय गेली.”

आजीनं मान हलवली. “माझी पण सगली जगाय गेली,” असं म्हणून तिनं आम्हाला पाणी दिलं.

घळीत शिरलो. कातळ तापला होता. शेवटचं वळण आलं तसे सर थांबले आणि दरीकडं पाठ करून बसले.

“तुम्ही पुढं जाऊन बघून या. सिस्टरचे गुडघे दुखतायत, फोनवर सांगत होती. तिला जमेल का एवढंच बघायचं. दरी सांगायची नाही. फक्त वाट सांगायची.”

मी वळण ओलांडून गेलो. तिथं काय आहे ते इथं लिहीत नाही, कारण सर हे वाचतील. इतकंच सांगतो की मी तिथं बराच वेळ उभा होतो, आणि मला माझ्या बायकोची फार आठवण आली.

परत आलो. माझं तोंड बघूनच सरांनी बोट वर केलं. “नाही. वाट.”

“वाट बरी आहे. फक्त वळणातच एक टप्पा आहे, कमरेइतका उंच. दुखऱ्या गुडघ्यानं ताईंना तो चढता येणार नाही.”

सर उठले. टोपी नाकापर्यंत ओढली आणि नजर पायाशी ठेवून, कातळ चाचपत त्या टप्प्यापर्यंत गेले. मान खाली घालून गुडघ्यावर बसले आणि दगड मागायला लागले. मी आणून देत होतो, ते रचत होते. प्रत्येक दगड हलवून बघायचे, खाली बारीक चिपा ठोकायचे. एकीकडं एक पायरी झाली, तिच्यावर दुसरी. घामानं शर्ट चिंब झाला, पण एकदाही मान वर झाली नाही. टोपी बोटभर वर सरकवली असती तर दिसलं असतं. समोरची दरी त्यांच्यापासून तेवढ्याच अंतरावर होती.

झाल्यावर ते टोपी तशीच नाकावर ठेवून, ताईसारखे एक पाय ओढत त्या पायऱ्या चढून-उतरून आले. अगदी सहज जमलं. मीही चढून बघितलं. लहान मूलसुद्धा चढलं असतं.

“झकास झालं, सर.”

सर पायऱ्यांकडं बघत उभे राहिले. मग वाकले, सगळ्यात वरचा दगड दोन्ही हातांनी उचलला आणि लांब नेऊन ठेवला.

“अहो, तो का काढलात? आता शेवटचं पाऊल उंच पडेल की त्यांना.”

“पडू दे,” सर म्हणाले. “एवढं सोपं केलं तर ती माझा हात धरायची नाही.”