सुटकेची रंगीत तालीम

एका जंगलात, बाळांनो, संकट येण्याआधीच त्याच्यासाठी मांडव घालायची पद्धत होती.

त्या सकाळी साळू साळिंदरीण कंद उकरत होती. मऊ कंद ती नवऱ्यासाठी बाजूला ठेवी. त्याचे दात हलू लागले होते. एवढ्यात टिटवी आली. "साळूबाई, टेकडीवरच्या गुहेत दरड कोसळली. तुमचे मालक आत आहेत."

साळू धापा टाकत गुहेपाशी पोचली आणि तिच्या जिवात जीव आला. अख्खे बचाव पथक तिथे हजर होते. दोर होते, पहारी होत्या, मांडवसुद्धा होता.

"आमचे हे आत अडकलेत," ती म्हणाली.

पथकप्रमुख रानरेडा म्हणाला, "वहिनी, आज रंगीत तालीम आहे. अडकलेल्याचं काम राजेसाहेबांच्या मेहुण्याला दिलंय. ऐन वेळी बदल नको."

"काम नाही हो. खरंच अडकलेत."

"छान. अगदी असंच म्हणायचं. फक्त मांडवाकडे तोंड करून म्हणा."

आतून क्षीण हाक आली. मांडवात बसलेल्या राजेसाहेब सिंहाने कान टवकारले. "आमचा मेहुणा काय सुरेख कण्हतो," तो म्हणाला. मेहुणा म्हणजे एक तरस. सिंहाचा मेहुणा तरस कसा, हे विचारायचे नसते, बाळांनो. तो गुहेच्या तोंडाशी हाडूक चघळत बसला होता. स्तुती ऐकून त्याने लाजून मान खाली घातली.

साळू दगडांकडे धावली. पथकातल्या वानराने तिला अडवले. "काकू, शिट्टी झाल्याशिवाय कुणी आत जायचं नाही. शिस्त आहे."

आधी भाषणे झाली. मग शिट्टी झाली. मेहुण्याला दोर बांधून अलगद उजेडात ओढले आणि हार घातला. आतली हाक तोवर बंद झाली होती.

"बघितलंत वहिनी?" रेडा म्हणाला. "सुटका झाली आणि कण्हणं थांबलं."

दोर, पहारी, मांडव घेऊन सगळे गेले. साळूने दगड ढकलून पाहिले. ते तिच्याने हलेनात. नवऱ्याचे नाव तिने जन्मात कधी घेतले नव्हते. तिने दगडाला तोंड लावून ते घेतले. थोडा वेळ थांबून पुन्हा घेतले.

तात्पर्य: बाळांनो, तालमीत काम मिळाल्याशिवाय कोणी गुहेत अडकू नये. पथक आता पुरात बुडण्याची तालीम करते आहे. बुडणाराही मेहुणाच आहे. गुहेतले दगड अजून कोणी हलवलेले नाहीत.