गंगाफळाच्या भाजीतलं कार्ड

हेल्मेटवर कॅमेरा बसवायचा, हे योगेंद्र पाटलाने चहा पिता पिता ठरवलं. कचेरीतल्या भूपेंद्रने तोरणमाळच्या घाटाचा व्हिडिओ काढला होता आणि साहेबांनी तो कौतुकाने दोनदा पाहिला होता. (योगेंद्रने लिहिलेली टिप्पणी साहेबांनी आजवर एकदाही शेवटपर्यंत वाचलेली नव्हती.) आता मुळात तळोद्यात हेल्मेट घालणाऱ्याकडे लोक संशयानेच बघतात, एक तर हा परगावचा असावा, नाहीतर तोंड लपवत असावा. त्यात वर कॅमेरा! पण कॅमेरा आला. आणि आल्यावर कळलं की त्यात कार्ड वेगळं घालावं लागतं.

श्रेणिकच्या मोबाइलच्या दुकानात जाऊन त्याने ऐटीत सांगितलं, "एक मेमरी कार्ड द्या."

"कोणतं देऊ?" श्रेणिकने काउंटरवर नखाएवढी काळी कार्डं पसरली. "बत्तीस, चौसष्ट, का एकशे अठ्ठावीस? यू थ्री पाहिजे का व्ही थर्टी? फोर के काढणार का साधं?"

बारावीला फिजिक्सचा पेपर हातात आल्यावर झालं होतं, अगदी तसंच योगेंद्रला झालं.

"जरा चांगलं द्या."

"चांगलं म्हणजे पळायला चांगलं का टिकायला चांगलं?"

"काय फरक पडतो?"

"गाडी कुठे चालवणार, त्यावर आहे."

"खापरला. सासुरवाडी आहे."

श्रेणिकने क्षणभर विचार केला. "मग टिकायलाच घ्या. पाण्यात पडलं तरी चालतं, तापलं तरी चालतं."

योगेंद्रने दीपमालाला फोन लावला. बायको म्हणाली, "मोठं ल्या. मांगेन कमी पडाले नको." भूपेंद्रला लावला. तो म्हणाला, लहानच घे, मोठं बिघडलं की सगळंच जातं. शेवटी ज्याला काहीच कळत नाही असा माणूस जे करतो, ते योगेंद्रने केलं. दोन्ही घेतली. एक लहान, एक मोठं. पण दिसायला दोन्ही सारखीच काळी आणि सारखीच चिमुकली. वरची अक्षरं वाचायला चष्मा लागायचा, आणि चष्मा हेल्मेटमध्ये मावत नव्हता.

मग नवरा-बायको खापरला जाऊन आले. व्हिडिओचं कुणाला सुचलंच नाही, कारण घरी आल्याआल्या पिशवी शोधली तर पिशवीच नाही. पिशवीत सासूबाईंच्या हातचं कैरीचं लोणचं होतं. भरलेली चिनी मातीची बरणी!

"आईनी तुमना हातमा दिधी ती," दीपमाला म्हणाली.

"माले कोनी काहीच दिधं नही."

"मी रस्तामा इचारं, बरनी लिधी का? तुम्ही 'हा' म्हनात."

"तू इचारंच नही!"

योगेंद्र खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखरच काही आठवत नव्हतं, आणि म्हणून तो अगदी निर्धास्त होता. पण सासूबाई फोनवर लेकीच्याच बाजूने बोलल्या. हे भांडण आठवडाभर मुरलं; तेवढं मुरायला लोणच्यालाही वेळ मिळाला नसेल.

आणि रविवारी दाढी करताना योगेंद्रच्या डोक्यात प्रकाश पडला. कॅमेरा चालू होता की! लग्न झाल्यापासून त्याने बायकोशी घातलेला एकही वाद जिंकलेला नव्हता. आज पहिल्यांदा त्याच्याकडे पुरावा होता. त्याला इतका आनंद झाला की अर्धी दाढी तशीच ठेवून त्याने कार्ड उचललं आणि स्वयंपाकघरात धाव घेतली.

फक्त दिवस चुकला. त्या दिवशी घरी कानबाईचे रोट, म्हणजे श्रावणात या देवीच्या नैवेद्याचं जेवण होतं. सगळी भावकी जमली होती. रोटाच्या स्वयंपाकाचं शिस्तीचं काम असतं: जे शिजेल ते भावकीनेच संपवायचं, बाहेरच्याला द्यायचं नाही, उष्टं-खरकटं, अगदी हात धुतलेलं पाणीसुद्धा बाहेर फेकायचं नाही. दीपमाला भल्यामोठ्या पातेल्यात गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी ढवळत होती.

"हाई देख!" योगेंद्रने चिमटीतलं कार्ड तिच्या नाकासमोर नाचवलं. "आठे सगळं शे! आते टीव्हीवर लावस, सगळी भावकी देखी, कोन खरं आनि कोन..."

चिमटीत कार्ड नव्हतं.

भाजीला कढ आला होता. योगेंद्रने डाव उचलला, तशी त्याची आई सिंधुबाई देवाजवळून ओरडली, "ठेव तो! निवद दखाडाना बाकी शे. कानबाईनी भाजी चिवडस का?"

"आई, मन्हं कार्ड पडनं!"

"पडू दे. जेना ताटमा येई, तो सांगी."

नैवेद्य झाला, पंगत बसली आणि सिंधुबाईने जाहीर केलं, "भाजी हळू चावा रे, योगेंद्रनं काहीतरी पडेल शे." एरवी भावकीच्या पंगतीत भाजी तीनतीनदा मागतात. आज प्रत्येक जण घास दाताखाली ठेवून कान देत होता. योगेंद्र अर्ध्या दाढीनिशी पंगतीतून फिरत लोकांच्या जबड्यांकडे बघत होता, आणि वाढायच्या आग्रहाऐवजी चावायचा आग्रह करत होता.

शेवटी 'कट' असा आवाज आला तो चुलते लोटनआबांच्या तोंडातून. आबांनी आधी कवळी बाहेर काढली, मग कार्ड.

"खडा शे का रे?"

"आबा, पुरावा शे तो!"

कार्ड भाजीने माखलं होतं. पण धुवायचं तर ते पाणी टाकायचं कुठे? आबांनी विचार केला, आणि चाटून लख्ख करून दिलं.

भावकी टीव्हीसमोर जमली. योगेंद्रने कार्ड जोडलं आणि छाती फुगवून उभा राहिला. पडद्यावर काहीच आलं नाही. कार्ड कोरं होतं.

सगळे हळहळले. सिंधुबाई म्हणाली, जाऊ दे बेटा. दीपमालालासुद्धा त्याच्या अर्ध्या दाढीची दया आली. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, "आई दुसरी बरनी भरी दी."

इथे योगेंद्र गप्प बसला असता, तर आज सुखात असता.

"थांबा!" तो ओरडला. "कोरं कार्ड उचलायी गयं! भरेल कॅमेरामाच शे!" आणि खुंटीवरच्या हेल्मेटमधलं कार्ड काढून त्याने स्वतःच्या हाताने टीव्हीला जोडलं.

पडद्यावर आभाळ आलं. ढग, एक घार, विजेच्या तारा, पुन्हा ढग. कॅमेरा बसवताना त्याचं तोंड वर झालं होतं.

"तुन्ही सासुरवाडी वर शे का रे?" लोटनआबांनी विचारलं.

पण आवाज स्वच्छ होता.

"जावईबापू, बरनी पिशवीमा शे. धरा," सासूबाईंचा आवाज.

"हा," योगेंद्रचा आवाज.

मग बरेच ढग गेले. गाडी थांबली. "अक्कलकुवा उनं, च्या पीसूत," असं योगेंद्रच म्हणाला, कपबशा वाजल्या, आणि कुठेतरी बाकड्यावर काहीतरी जड ठेवल्याचा आवाज आला. मग दीपमाला.

"बरनी लिधी का?"

"हा."

"नक्की लिधी?"

"हा."

गाडी सुरू झाली. भावकीत खसखस पिकली. योगेंद्रने रिमोट शोधला, पण तो आबांच्या मांडीखाली होता.

"तुम्ही मन्हं ऐकी ऱ्हायनात का?"

"हा."

थोडा वेळ नुसतं आभाळ. मग दीपमालाचा आवाज, अगदी गोड: "मी गाडी शिकसू. मांगेन खापरले मीच चालाडसू, तुम्ही मांगे बसज्यात. चाली ना?"

"हा."

सगळी भावकी पोट धरधरून हसली. एकटी दीपमाला हसली नाही. ती शांतपणे म्हणाली, "तेवढं परत लावा."

आता दीपमाला गाडी चालवते. हेल्मेट तिच्या डोक्यावर असतं, कॅमेरा सरळ असतो, आणि कार्ड मोठंच असतं. परवा खापरहून नवी बरणी घेऊन दोघं परत निघाले. मागे बसलेल्या योगेंद्रच्या मांडीवर पिशवी होती.

"बरनी धरेल शे ना?" तिने पुढून विचारलं.

योगेंद्र आता शहाणा झाला आहे. त्याने पिशवीत हात घातला, बरणी चाचपली, झाकण चाचपलं आणि मान हलवली.

"मान हालाडू नका," दीपमाला गाडीच्या आरशात बघून म्हणाली. "कॅमेरा पुढे देखस. तोंडथून बोला."

"हा," योगेंद्र म्हणाला.